दसऱ्याची दोन मिनिटं

शेडचा पत्र्याचा दरवाजा ओढून अस्मिता आत शिरली, गाडीचं बॉनेट उघडलं, आत नाक खुपसलं आणि तिथूनच ओरडली, "वहिनी, हिला हात कोणी लावला?"

सात वर्षांनी कायमची घरी आलेल्या बाईचं हे पहिलं वाक्य. प्रवास कसा झाला, चहा टाकू का, हे सगळं शेवंतीच्या तोंडात तयार होतं, ते तिने गिळलं. ती मोरीवर बांगडे साफ करत बसली होती. "आम्हीच लावला," ती म्हणाली. "मस्कतवरनं कोण येणार होतं हात लावायला?"

इथून जे सुरू झालं ते रविवारपर्यंत काही थांबलं नाही.

सावंतांचं घर कांजूरमार्ग पूर्वेला. बैठं, दोन खोल्यांचं, वर पोटमाळा. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात येऊन बसतो, आणि त्याची सवय झाली नाही असं म्हणणारा माणूस खोटारडा समजावा. घराला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये अस्मिताची गाडी. जुनी, दोन दारांची, जपानी, रोटरी इंजिनाची. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर असताना अस्मिताला ती तिथल्या कोपऱ्यात सांगाड्यासारखी पडलेली मिळाली होती. लग्नाची स्थळं येत होती त्या वर्षांत ही बया सुट्टीच्या दिवशी तेलाने माखून गाडीखाली पडलेली असायची. स्थळं बंद झाली, गाडी चालू झाली. मग मस्कतची नोकरी आली, आणि गाडी शेडमध्ये आणि आई अंथरुणात ठेवून अस्मिता गेली.

आई गेल्या दिवाळीनंतर वारली. अस्मिता पोचली तेव्हा राखही थंड झाली होती. बाराव्याचं उरकून ती परत गेली, आणि आता तिकडचं गॅरेजच बंद पडल्यावर सामान घेऊन आली. जायला दुसरी जागा नव्हती. हे तिला माहीत होतं, शेवंतीला माहीत होतं, आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे अस्मिताच्या थोरल्या भावाला, निलेशलाही माहीत होतं. पण निलेशची पद्धत अशी की घरात आवाज चढला की त्याला नाक्यावरून काहीतरी आणायची आठवण व्हायची.

"ऐक," शेवंती हात धुऊन दारात येऊन उभी राहिली. "पोटमाळ्यावर पोरीचा, श्रुतिकाचा अभ्यास चालतो, तिची बारावी आहे. तुला जागा द्यायची तर ही शेडच. भिंत घालू, लादी घालू, पंखा लावू. रविवारी भंगारवाला धोंडू टेम्पो घेऊन येतोय. गाडी त्याला देऊन टाक आणि इथे राहा. कोणी तुला जा म्हणणार नाही."

"गाडी भंगारात जाणार नाही."

"चालू होत नाही ती."

"मी चालू करून दाखवते."

"मग चालू कर आणि तीत बसून जा," शेवंती म्हणाली. "या शेडमध्ये एकतर ती राहील, नाहीतर तू. गल्लीत सायकल उभी करायची मारामार आहे."

शहाण्या माणसाने इथे गप्प बसून दोन दिवस जाऊ द्यावेत. पण सावंतांच्या घरात शहाणपण कमी आणि ताठा भरपूर. अस्मिता "चालेल" म्हणाली. झालं, ठरलं.

आता हे रोटरी प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगायला हवं. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. हिच्यात पिस्टन नाहीत. दोन फुगीर तिकोने, त्यांना रोटर म्हणतात, ते आपापल्या घरात गरागरा फिरतात, आणि त्यांच्या टोकांना बोटाएवढ्या धातूच्या पट्ट्या असतात, ती सील. सगळा दम त्या सीलमध्ये. वर्षानुवर्षं इंजिन पडून राहिलं की सील खाचेत चिकटतात. अशा वेळी घाईने स्टार्टर मारला तर एखादं सील तुटून आतल्या भिंती ओरबाडत फिरतं आणि इंजिनाचा निकाल लागतो. त्यात हिची एक खोड वेगळी. थंड असताना चालू केली की पुरती तापेपर्यंत बंद करायची नाही. मध्येच बंद केली तर आत पेट्रोल साचतं, भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, दम निघून जातो आणि पुढच्या वेळी ती चालू होत नाही.

अस्मिताने पहिलं काम केलं ते बॅटरीची वायर सोडवण्याचं. मग चारही प्लग काढले. खालचे दोन नाकाला लावले आणि तिचं डोकं सटकलं. प्लग काळे, ओले, आणि शिळ्या पेट्रोलचा वास.

"वहिनी! हिला स्टार्ट कोण करत होतं?"

"मी," शेवंती आतून म्हणाली. "दर दसऱ्याला. धुऊन पुसून, हार घालून, नारळ फोडून. चाकांखाली लिंबं ठेवून. चावी तूच देऊन गेली होतीस."

"आणि किती वेळ चालू ठेवायचीस?"

"पूजेपुरती. दोन मिनिटं. गाडीला झोप लागू नये म्हणून."

"दोन मिनिटं!" अस्मिता प्लग हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "दर वर्षी दोन मिनिटं चालू केलीस आणि बंद केलीस? अगं, यापेक्षा हातोडा घालायचा होतास! तुला सांगून गेले होते ना, बॅटरी काढून ठेव आणि हिच्याकडे बघू नको?"

"दसऱ्याला घरातली कात्री, विळी, सुरीसुद्धा पुजतात. गाडीला तशीच ठेवू?"

"हार घालायचा होतास! चावी कशाला फिरवलीस? तू मारलंस माझं इंजिन, वहिनी. दर वर्षी थोडं थोडं करून मारलंस."

शेवंती बोलण्यात कोणाला हार जाणारी बाई नव्हे. पण या वेळी तिने नुसता गॅस बारीक केला आणि पोळी उलटली. अस्मिताला वाटलं, चूक कळली वाटतं. तिला बरंही वाटलं, तशी ती कोत्या मनाची होतीच.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं जुनं पेट्रोल काढायचं होतं. ते काढताना अस्मिताने शेडचं दार आणि खिडकी उघडी टाकली होती, आग विझवायचा सिलेंडर शेजारून मागून आणून जवळ ठेवला होता, मोबाईलसुद्धा बाहेर ओट्यावर. वार्निशसारख्या वासाचं पिवळं पेट्रोल कॅनमध्ये उतरत होतं आणि नेमकी शेवंती संध्याकाळची उदबत्ती फिरवत दारात.

"बाहेर! बाहेर हो!" अस्मिता किंचाळली. "घर पेटवायचंय का तुला?"

"दिवेलागण झाली गो. रोज फिरवते मी इथे."

"बाहेर हो म्हणते ना!"

शेवंती मागे सरली. पण जाताना गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सासू सहा वर्षं अंथरुणात होती तेव्हा कोणी दारंखिडक्या उघडायला आलं नाही. लोखंडासाठी बघा कशी धावाधाव चाललीय." समोरच्या दोन खिडक्यांत डोकी आली. अस्मिताच्या कानशिलाला आग लागली, पण हातात पेट्रोलची नळी होती, ती सोडता येईना.

पेट्रोल निघालं. कुजलेल्या नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटर खोलून धुतलं, एअर फिल्टरमधून उंदराचं अख्खं बाळंतपण बाहेर काढलं, ब्रेक सोडवले, ताजं पेट्रोल आणि इंजिनचं नवं तेल भरलं. मग खरं काम. प्लगच्या भोकातून दोन्ही रोटरवर तेल सोडायचं आणि सील भिजू द्यायची. त्यासाठी मोठी सिरिंज हवी होती. तिने निलेशला सांगितलं. निलेश आत गेला, पण सिरिंज घेऊन बाहेर आली ती शेवंती.

"घे," तिने ती बॉनेटवर टाकली. "आईला नळीतून पेज घालायची ती. धुतलेली आहे. तिचा काहीतरी उपयोग झाला तुला."

अस्मिताने ती उचलली. दट्ट्याच्या बाजूला अजून आकडे वाचता येत होते, मध्ये एका जागी नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली होती, तितकीच पेज द्यायची म्हणून. तिने तेल भरलं. एवढंच तिच्या हातात होतं आणि तेवढं तिने नीट केलं.

तेल मुरायला एक दिवस गेला. मग तिने पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, सावकाश, आणि कान प्लगच्या भोकापाशी नेला. तिकोन्याला तीन बाजू, म्हणून एका फेरीत तीन फुंकरा यायला हव्यात. पुढच्या रोटरने तीन दिल्या, सारख्या, फुस, फुस, फुस. मागच्याने एक दिली आणि दोन गिळल्या. एक सील दोन बाजू सांभाळतं, म्हणजे एकच सील चिकटलेलं. तिने पुन्हा तेल सोडलं, पुन्हा थांबली, पुन्हा फिरवलं. शुक्रवारी तेच. शनिवारी सकाळी तेच. शनिवारी दुपारी पाना फिरवताना दुसरी फुंकर आली, क्षीण, म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखी, आणि पाठोपाठ तिसरी. अस्मिताने शेडमध्ये एकटीनेच टाळी वाजवली. ज्याला सांगावं असं त्या घरात कोणी नव्हतं.

रविवारी धोंडूचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. धोंडू उतरून ओट्यावर बसला, तंबाखू मळत. "होऊ द्या ताई सावकाश," तो म्हणाला. "मला काय, उचलायची तरी मीच, नाही उचलायची तरी चहा मिळेल." चहा मिळाला नाही.

चालू करण्याआधी तेलाचा दाब चढवायचा असतो. कॉइलच्या वायर काढून, म्हणजे ठिणगी न देता, नुसता स्टार्टर मारायचा, थोडा थोडा, काटा वर येईपर्यंत. अस्मिताने साफ केलेले प्लग बसवले, चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. रॅंव-रॅंव-रॅंव-रॅंव. थांबली. पुन्हा रॅंव-रॅंव-रॅंव. कोरडा, लांबच लांब आवाज, न पेटणाऱ्या गाडीचा.

तिसऱ्या वेळी शेवंती हातातलं लाटणं घेऊन धावत आली. "बंद कर! बंद कर तो आवाज!"

"अजून चालू करत नाहीये. तेल चढवतेय."

"माका शिकवू नको!" रागात तिची मालवणी वर यायची. "माका ठावक आसा ह्यो आवाज. तुका काय ठावक? गेल्या दसऱ्याला तासभर हाच काढलाय मी. हात दुखेपर्यंत चावी फिरवली. बॅटरी मेली तर निलेशला पाठवून दुसरी आणवली."

"कशाला?" अस्मितानेही आवाज चढवला. "कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्या आईनं!"

धोंडूने तंबाखू मळणं थांबवलं. निलेश उठून नाक्यावर जायला निघाला होता, तो दारातच उभा राहिला.

"दर दसऱ्याला ती विचारायची, अस्मीची गाडी चालू केलीस का," शेवंती म्हणाली. "भिंतीपलीकडेच तिची खाट. गाडी सुरू झाली की तिचा चेहरा बघायचा होतास. म्हणायची, आली वाटतं अस्मी. दोन मिनिटं, मेलं, दोन मिनिटं मला या घरात शांती मिळायची. जास्त वेळ चालू ठेवली तर विचारायची, आत का येत नाही ती. म्हणून बंद करायचे. कळलं? म्हणून दोन मिनिटं. आणि शेवटच्या वर्षी नाही झाली चालू. ती कान देऊन पडली होती. संध्याकाळपर्यंत. मग म्हणाली, राहू दे, नाही येत ती. त्यानंतर तिने तुझं नाव काढलं नाही, मरेपर्यंत."

अशा वेळी माणूस नेमकं नको ते बोलतो, अस्मिताही बोलली. "मला फोन करायचा होतास."

"केला नाही? उचलायचीस? 'वहिनी, मी कामात आहे.' सात वर्षं कामात होतीस." शेवंतीने लाटणं दुसऱ्या हातात घेतलं. "आणि येऊन मला म्हणतेस, इंजिन मारलंस."

ती तिथेच उभी राहिली. अस्मिताने वळून कॉइलच्या वायर जोडल्या. कुठली वायर कुठे ते हातांना माहीत होतं. दोन रस्ते तिला स्वच्छ दिसत होते. आत्ता "धोंडू, घेऊन जा" म्हटलं की डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण, आणि हळूहळू का होईना, या बाईशी बोलणं. तिने तोंड उघडलंही. पण आई जिच्या आवाजाची वाट बघत गेली ती वस्तू टेम्पोत आडवी घालून पाठवायची, हे तिच्याने होईना. तिने चोक ओढला आणि चावी फिरवली.

दोनदा नाही. तिसऱ्यांदा एक खोकला आला, मग दुसरा, आणि एकदम सगळी शेड थरारली. गाडी चालू झाली. आत सोडलेलं तेल जळायला लागलं आणि मागून पांढराधोट धूर निघाला, तो शेडमधून गल्लीत, गल्लीतून घराघरांत. कोणीतरी ओरडलं, आग लागली. समोरची म्हातारी खोकत बाहेर आली. पोरं नाचायला लागली, आया त्यांना आत ओढायला लागल्या, आणि सावंतांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

"बंद कर!" शेवंती.

"आता बंद करता येणार नाही. तापली नाहीये. आत्ता बंद केली तर पुन्हा चालू होणार नाही."

"न होऊ दे! जिला ऐकायची होती ती गेली. आता कोणाला ऐकवतेस?"

निलेश पहिल्यांदा बोलला. "अस्मी, लोक गुदमरतायत. एकतर बंद कर, नाहीतर काढ बाहेर."

तिने शेवंतीकडे बघितलं. शेवंतीने दारातून बाजूला होऊन वाट करून दिली आणि तोंड फिरवलं. अस्मिताने गिअर टाकला. गाडी हिसका देऊन शेडबाहेर आली, दोन्ही बाजूंच्या ओट्यांना वीतभर अंतर ठेवत गल्लीतून निघाली. धोंडूने टेम्पो मागे घेतला. मागे लोक शिव्या देत होते. शेडचं दार ओढल्याचा आवाज तिला इंजिनावरून ऐकू आला.

हायवेला लागेपर्यंत धूर विरळ झाला होता. कागदपत्रांची मुदत केव्हाच संपलेली, पोलिसाने हात केला असता तर मिटलंच होतं, पण कोणी केला नाही. मुलुंडकडे जाताना तापमानाचा काटा मधोमध आला आणि तिथे थांबला. तेलाचा दाब बरोबर. दोन्ही रोटर सारखे खेचत होते. तिने एकही चूक केली नव्हती. टोलनाक्याच्या अलीकडे वळून ती परत निघाली, कारण बॅग घरीच राहिली होती.

बॅग घरात नव्हती. बाहेर, घराच्या ओट्याच्या पायरीवर ठेवलेली होती. चेन लावलेली. वरून तिच्या चपला, एकात एक घालून. अस्मिता गाडी चालू ठेवून उतरली आणि बॅग उचलली.

"बंद कर ती!" आतून शेवंतीचा आवाज आला. "माणसं जेवतायत इथे."

अस्मिताने हात आत घालून चावी फिरवली. गाडी आता तापली होती, बंद करायला हरकत नव्हती. गल्लीत एकदम शांत झालं. कुठेतरी ताटलीवर चमचा वाजला. तिने बॅग बाजूच्या सीटवर टाकली, दार लावून घेतलं, थोडा वेळ बसली. निलेश बाहेर येईल असं तिला वाटत होतं. तो आला नाही.

मग तिने चावी फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. ना चोक, ना धूर, ना खोकला. बोट लावायचा अवकाश, की चालू. इतकी सोपी होती ती गोष्ट. गेल्या दसऱ्याला एवढं झालं असतं तर भिंतीपलीकडच्या खाटेवरून आई म्हणाली असती, आली वाटतं अस्मी. अस्मिताने स्टिअरिंगला घट्ट धरलं आणि ती रडायला लागली, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी. तिला लाज वाटली नाही.

खिडकीत शेवंती उभी होती, उष्ट्या हाताने. गाडी चालू झाल्याचं तिनेही ऐकलं होतं. ती गाडीकडे बघत राहिली, डोळे भरून आले तरी बघत राहिली, आणि मग तिने कोपराने ढकलून खिडकी लावून घेतली.